वोल्ने पारखताना घाई नको

वोल्ने ही फ्रेंच वाईन पारखायला बसलं की पहिली फसगत रंगाने होते. फ्रान्समधल्या बरगंडी प्रांतातल्या कोत द बोन या भागातल्या वोल्ने गावाच्या नावाने फक्त लाल वाईन विकली जाते, तीही पिनो न्वार या द्राक्षाची. या द्राक्षाची साल पातळ, म्हणून ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता येतात. फिका रंग म्हणजे कमी दम, असं इथे अजिबात समजू नका.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. टॅनिन, म्हणजे वाईनला तुरटपणा देणारी द्रव्यं, आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून तळाशी बसतात. तो गाळ ढवळला तर घोट कडसर लागतो. वाईन 15-16 अंश सेल्सिअसवर हवी. जास्त गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं झाकलं जातं. जुनी वोल्ने मी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ओतत नाही. तिचा नाजूक वास हवेत लवकर विरतो, म्हणून मोठ्या ग्लासात थोडीशीच घेते.

आधी ग्लास न हलवता वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष आहे. त्या बाटलीवर मत देऊ नका.

खरी परीक्षा तोंडात. घोट जिभेवर, हिरड्यांवर फिरवा. तुरटपणा किती यापेक्षा तो कसा आहे, हे महत्त्वाचं. कोऱ्या कडक चहासारखा हिरड्या ओढणारा, की मलमलीसारखा सरकून जाणारा? मग गिळून थांबा. गालांच्या आतून पाणी सुटलं तर आम्लता शाबूत आहे, आणि पिनो न्वार टिकते ती मुख्यतः तिच्याच जोरावर. 2003 च्या उष्ण उन्हाळ्यात द्राक्षं लवकर पिकली, आम्लता घसरली. त्या सालच्या बाटल्यांत मी आधी हेच तपासते. 2005 च्या बाटल्यांत उलट, टॅनिन घट्ट असतं, तिथे धीर धरावा लागतो.

कायरे या प्रीमिये क्रू, म्हणजे वरच्या दर्जाच्या, मळ्याची 2010 ची बाटली उघडली तेव्हा पहिल्या घोटानंतर मी वहीत ‘पातळ’ असं लिहिलं होतं. चाळीस मिनिटांनी त्याच ग्लासातून आंबट चेरी आली, मग सुकलेली गुलाबाची पाकळी, मग पावसानंतरच्या रानातली पानं. गिळल्यावर चव रेंगाळत राहिली. मी पंधरापर्यंत मोजलं, तरी चेरी होतीच. ‘पातळ’ खोडून मी ‘सडपातळ’ लिहिलं. तेव्हापासून पहिल्या घोटावर मी निकाल देत नाही.

अर्धी बाटली बूच लावून थंड जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. फळ जिवंत असेल, तुरटपणा मऊ झाला असेल, तर त्याच सालची उरलेली बाटली मी आणखी पाच वर्षं तरी बिनधास्त ठेवते. नुसती आंबट-कोरडी चव उरली असेल, तर ती याच वर्षी उघडते.