सायकलसाठी मोठी बाटली आणि केज घेताय? किनाऱ्यावर चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

उन्हाळ्यात किनाऱ्याने सायकल चालवायची म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचाच येतो, आणि मग बरेच जण ऑनलाइन जाऊन दिसेल ती सगळ्यात मोठी बाटली मागवून मोकळे होतात. मोठी बाटली हवी हे शंभर टक्के खरं आहे. कोकणातला रेवस ते रेडी सागरी मार्ग बाहेरच्याला सपाट वाटतो, पण खाडी ओलांडली की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, सड्यावरून पुढच्या खाडीत उतरायचं, परत चढायचं असंच चालू असतं, आणि वर नुसता जांभ्याचा कातळ, सावली नाही, मैलोनमैल टपरी नाही, हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही नुसता गळत राहतो. पण बाटली किती लिटरची हा दुसरा प्रश्न झाला. ती कुठल्या केजमध्ये, म्हणजे फ्रेमवर बाटली धरणाऱ्या सांगाड्यात, बसणार आणि ती केज तुमच्या फ्रेमला कुठे लागणार हे आधी बघायला पाहिजे, नाहीतर रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर एक खड्डा आणि भरलेली बाटली मागच्या गाडीच्या चाकाखाली.

पहिली चूक म्हणजे बाटलीचा घेर न मोजणं. नेहमीच्या सायकल केज ७३-७४ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी बनवलेल्या असतात. ५५० मिलीची असो नाहीतर ९५० मिलीची, सायकलची म्हणून बनवलेली बाटली बहुतेक याच जाडीची असते, फक्त उंच होत जाते. एलिटची फ्लाय ९५० मिलीत येते, झेफालची मॅग्नम जवळजवळ लिटरभर पाणी घेते, आणि दोन्ही साध्या केजमध्ये बसतात. घरातली स्टीलची थर्मासवाली बाटली किंवा ट्रेकिंगची रुंद तोंडाची बाटली मात्र जाड असते, नाल्जीनची एक लिटरची तर ८९ मिलिमीटरच्या आसपास जाते, ती साध्या केजमध्ये जाणारच नाही. मोजायला काही लागत नाही. बाटलीच्या पोटाला दोरा गुंडाळायचा आणि दोरा पट्टीवर धरायचा. २३ सेंटीमीटर भरला तर बाटली केजची आहे, २४ भरला तर कोंबावी लागेल, २५ च्या वर असेल तर विषय सोडा. आणि कोंबायची पण नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमची केज एकदा फाकली की मग नेहमीची बाटली तिच्यात खुळखुळायला लागते. जाड बाटलीच न्यायची असेल तर मोठी केज वेगळी मिळते, टोपीकची मॉड्युला एक्सएल दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीसाठीच बनवलेली आहे, नाहीतर पट्ट्याने बांधायच्या कार्गो केज असतात.

इथेच एक सांगतो, दुकानात मिळते ती पातळ प्लास्टिकची एक लिटरची बाटली तशीच केजमध्ये खुपसून फिरणारे खूप दिसतात. भरलेली असते तोवर ती ताठ असते. अर्धी प्यायलात की भिंत दबते, केजची पकड सुटते आणि पुढच्या स्पीडब्रेकरला ती बाहेर. शिवाय झाकण फिरवायला दोन हात लागतात, म्हणजे चालत्या सायकलवर पिता येत नाही, मग माणूस थांबायचा कंटाळा करतो आणि पाणीच कमी पितो. त्या बाटलीतलं पाणी आपल्या बाटलीत ओता आणि पुढे निघा.

घेर जमला तरी उंची राहतेच. ९५० मिलीची बाटली झाकणासकट साधारण २५-२६ सेंटीमीटर होते, आणि लहान फ्रेम असेल, म्हणजे उंची कमी असणाऱ्यांची किंवा बऱ्याच लेडीज सायकली, तर डाऊन ट्यूबवर (हँडलखालून पेडलकडे येणारा तिरका पाइप) ती बसते पण सीट ट्यूबवर (सीटखालचा उभा पाइप) दुसरी लावली की दोघींची तोंडं एकमेकींवर आपटतात. त्यात फ्रेम बॅग असेल तर बाटली वर ओढायला जागाच उरत नाही. मागवायच्या आधी पुठ्ठ्याचा त्याच उंची-जाडीचा गोल तुकडा करा, फ्रेममध्ये धरा आणि तो केजमधून काढल्यासारखा वर ओढून बघा, सीटवर बसून बघा, गुडघा लागतो का तेही बघा. जागा कमी पडत असेल तर बाजूने बाटली निघणारी केज घ्या. उजव्या हाताने काढायची आणि डाव्या हाताने काढायची अशा दोन प्रकारच्या येतात, तुम्ही कुठल्या हाताने पिता ते आठवून घ्या. ज्या फ्रेममध्ये दोन मोठ्या मावत नाहीत तिथे डाऊन ट्यूबला मोठी आणि सीट ट्यूबला लहान, हा हिशोब जवळजवळ नेहमी जमतो.

आता बाटली उडण्याबद्दल. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि आपले गावातले रस्ते, पाऊस संपल्यावरचा हायवेचा सर्व्हिस रोड, जेटीकडे उतरणारे दगडी चढउतार हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. सायकलच्या बाटलीला मधे एक खाच असते आणि केजची वरची जीभ त्या खाचेत अडकते, बाटली धरून ठेवण्याचं मुख्य काम ती जीभ करते. खाच नसलेली गुळगुळीत बाटली घेतलीत तर फक्त बाजूच्या दाबावर सगळं अवलंबून. टेस्ट सोपी आहे, बाटली काठोकाठ भरून केजमध्ये ठेवा, पुढचं चाक वीतभर उचला आणि सोडून द्या, तीन-चार वेळा. बाटली वर सरकली तर रस्त्यावर नक्की उडेल. अ‍ॅल्युमिनियमची केज असेल तर हाताने हळूच आत दाबून घट्ट करता येते, प्लास्टिकची दाबून काही होत नाही ती बदलावीच लागते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी, पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते, केजच्या आतल्या बाजूला गुंडाळली की पकड पण येते आणि आवाज पण बंद होतो. सीटच्या मागे दोन बाटल्या लावायची फॅशन आहे, पण सगळ्यात जास्त बाटल्या तिथूनच उडतात आणि उडालेली कळत पण नाही, शिवाय मागचा लाल दिवा झाकला जातो. खराब रस्त्यावर ते नकोच.

फ्रेमच्या खाली, पेडलच्या पुढे तिसऱ्या केजची जागा बऱ्याच टूरिंग सायकलींना असते. कोरड्या दिवसात वापरा, माझं काही म्हणणं नाही. पावसाळ्यात मात्र तिथे पिण्याचं पाणी ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतोय. पुढचं चाक रस्त्यावरचं सगळं पाणी, चिखल, शेण थेट त्या बाटलीच्या तोंडावर मारतं आणि आपण तेच तोंड दातांनी उघडतो. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट दरवर्षी असतात, उंदरा-गुरांच्या मुतातून तो जंतू साचलेल्या पाण्यात येतो. त्या जागी पंक्चर किट आणि ट्यूब भरलेला डबा ठेवा, पाणी वरच ठेवा. फार तर तोंडाला टोपण असलेली बाटली, आणि ती पण पुसून.

फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, केज लावायची असेल तर दोन्ही बाजूंना सारखं वजन ठेवा आणि एका बाजूला किती किलो चालतं ते फोर्कच्या कंपनीने दिलेलं असतं ते वाचा. कार्बन फोर्कला पाइपचे क्लिप आवळून केज लावणं बिलकुल नको. साध्या लोखंडी सायकलीला, ज्यांना केजची भोकंच नसतात, तिथे मात्र तेच क्लिप छान चालतात, खाली ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे रंग जात नाही.

किती पाणी न्यायचं हे दुसऱ्याला विचारून ठरवू नका, प्रत्येकाचा घाम वेगळा. तासभर चालवायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, जितकं किलो कमी झालं तितके लिटर साधारण घाम गेला, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. एप्रिल-मे मध्ये हा आकडा बघून दचकायला होतं. आणि नुसतं पाणीच पाणी पीत राहणं पण चूक आहे, घामातून मीठ जातं ते भरून यायला हवं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचं काहीतरी. साधं पाणी डोक्यावर ओतायला पण येतं, कोकम ओतता येत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अख्खं पाकीट ५०० मिलीच्या बाटलीत ओतणारे आहेत, तसं करू नका, ते जास्त खारट होऊन पोट बिघडतं. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं. पूर्ण लिटरभर पाणी घेणाऱ्या बाटलीचा इथे मस्त फायदा होतो, एक पाकीट एक बाटली.

कोकम सरबत किंवा आगळ घालून न्यायचं तर प्लास्टिक नाहीतर चांगलं स्टील, अ‍ॅल्युमिनियमच्या बाटलीत आंबट ठेवू नये. आणि घरी आल्यावर बाटली तशीच सायकलला राहिली की संपलं. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो, चौथ्या दिवशी तोंडाच्या रबरी व्हॉल्व्हमध्ये काळी बुरशी. बाहेरून ती दिसत नाही, तोंड ओढून सुटं करावं लागतं. त्यामुळे घेतानाच बघा की तोंडाचे भाग सुटे होतात का आणि ब्रश घेऊन हात तळापर्यंत पोचतो का. उंच बाटलीला लांब दांड्याचा ब्रश लागतो, तो त्याच वेळी घ्या. धुतल्यावर उपडी आणि झाकण उघडं ठेवून वाळवायची, पावसात तर पंख्याखाली.

बर्फासाठी काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, बाटलीचा तळ बाहेर येतो आणि मग ती केजमध्ये सरळ बसत नाही. अर्धी भरून आडवी गोठवा, सकाळी वरून पाणी घाला. दुहेरी भिंतीची बाटली गोठवायचीच नाही, तिच्यात बर्फाचे खडे टाका.

राहिले बोल्ट, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे कारण पुण्याच्या सायकलवाल्याला हे सुचत पण नाही. केज एम-५ च्या दोन बोल्टवर असते, चार मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. खारी हवा आणि घाम दोन्ही त्याच बोल्टवर पडतात, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा बोल्ट असला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि बोल्ट आत चिकटून बसतो. मग जोर लावला की फ्रेममधला रिव्हनटच, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो फ्रेममध्ये ठोकलेला आट्यांचा नट, गोल फिरायला लागतो, बोल्ट ना आत ना बाहेर. म्हणून नवीन केज लावतानाच आट्यांना ग्रीस लावा, बोल्ट स्टेनलेसचे घ्या, होड्यांना वापरतात ते ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, पण ग्रीस त्यांना पण लागतंच. आवळायचं दोन-तीन न्यूटन-मीटर, म्हणजे अ‍ॅलन कीचं टोक दोन बोटांनी फिरवून बसेल इतकंच. मोठ्या बाटलीचं वजन हादऱ्याने बोल्ट सैल करतं, तेव्हा मोठ्या राइडच्या आधी केज हाताने हलवून बघा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोल्ट पूर्ण काढून, पुसून, परत ग्रीस लावून बसवा.

रिव्हनट फिरायला लागलाच असेल तर जोर करू नका. बोल्ट अजून निघत असेल तर काढा, लांब बोल्टवर नट आणि वायसर चढवून तो आत घाला, नट पान्याने धरून ठेवा आणि बोल्ट हळूहळू आवळा, रिव्हनट वर ओढला जाऊन परत बसतो. नाही बसला किंवा बोल्टच अडकला असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे रिव्हनटची गन असते, जुना ड्रिल करून नवीन मारून देतो. कार्बन फ्रेम असेल तर त्याच्याकडे नको, सायकलच्या मेकॅनिककडेच न्या.