ऑक्टोपस कसा निवडावा: बडीच्या तोंडात जाणारा रेग्युलेटर

स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स झाला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला चार डाइव्ह झाल्या, की स्वतःचं सामान घ्यायचा किडा डोक्यात वळवळायला लागतो. आधी मास्क, मग फिन्स, मग सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर. त्याच्या मुख्य सेकंड स्टेजवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बजेट उडवून झालं की दुकानदार विचारतो, "ऑक्टोपस कुठला देऊ?" आणि उत्तर ठरलेलं असतं: "द्या कुठलाही, वापरायचाय कुठे!"

ऑक्टोपसला, म्हणजे जादाच्या सेकंड स्टेजला, आपण गाडीची स्टेपनी समजतो. पण स्टेपनी आपल्याच गाडीला लागते. ऑक्टोपस मुख्यतः हवा संपलेल्या बडीसाठी, म्हणजे जोडीच्या डायव्हरसाठी असतो, आणि बडी त्या वेळी घाबरून धापा टाकत असतो. म्हणून निवडताना स्वतःचा नव्हे, त्याचा विचार करायचा.

स्वतःच्या कामाचं म्हणाल तर मर्यादा ओळखून असा. दोन्ही सेकंड स्टेज सिलिंडरवर बसणाऱ्या एकाच फर्स्ट स्टेजवर असतात. मुख्य सेकंड स्टेज बिघडली, माउथपीस निसटला, तर ऑक्टोपस तुम्हाला वाचवेल. सिलिंडर रिकामा झाला किंवा फर्स्ट स्टेजच गेली, तर नाही. त्यासाठी वेगळ्या रेग्युलेटरची छोटी पोनी बाटली लागते. गोव्यात साधारण १२ ते १८ मीटरवर, बडीला धरून डाइव्ह करणाऱ्याने तो खर्च पहिल्या वर्षी केला नाही तरी चालेल, असं माझं मत.

पायरी १: आधी फर्स्ट स्टेज बघा

ऑक्टोपस कितीही भारी घ्या, हवा फर्स्ट स्टेजच पुरवते. दोघं एकदम जोरात श्वास घ्यायला लागले की तिची कसोटी लागते, त्यामुळे ती बॅलन्स्ड असलेली बरी. सिलिंडरमधली हवा कमी होत गेली तरी बॅलन्स्ड स्टेज श्वास जड करत नाही, आणि बडीची हवा संपते तोवर तुमचाही सिलिंडर बराच खाली आलेला असतो. ऑक्टोपस जोडायला लो-प्रेशर पोर्ट (नळी लावायचं भोक) मोकळा आहे ना, तेही बघा. फर्स्ट स्टेजचा मधला दाब साधारण ९ ते १० बार असतो आणि प्रत्येक सेकंड स्टेज ठरावीक दाबासाठी लावलेली असते. म्हणून ऑक्टोपस त्याच कंपनीचा घ्या, किंवा जुळतो का ते टेक्निशियनला विचारा. पाकिटावर 'ईएन २५०ए' असेल तर तो रेग्युलेटर दोघांनी एकाच वेळी वापरण्याच्या चाचणीतून गेलेला आहे.

पायरी २: प्रकार ठरवा

नेहमीचा ऑक्टोपस म्हणजे पिवळी सेकंड स्टेज आणि लांब पिवळा होज (नळी). गोव्यात या पिवळ्या रंगाला फार महत्त्व आहे. मांडवी-झुवारीचा गाळ, त्यात लाटांनी उठलेली वाळू. काही दिवशी चार-पाच मीटरवरचा बडीसुद्धा धूसर दिसतो. अशा पाण्यात काळा ऑक्टोपस काळ्या जॅकेटवर शोधत बसायचं नाही.

दुसऱ्या प्रकारच्या ऑक्टोपसचा श्वास बाहेर सोडायचा झडप-मार्ग बाजूला असतो. हे मला नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचे वाटतात. साधा ऑक्टोपस घाईत उलटा तोंडात गेला की झडप वरच्या बाजूला येते, आत पाणी राहतं आणि पहिल्याच श्वासाला ठसका लागतो. बाजूने सोडणारा कसाही धरला तरी चालतो.

तिसरा प्रकार बीसीडीच्या (अंगातल्या फुगवायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे हवा भरायच्या नळीतच बसवलेला. स्कुबाप्रोचा एअर-२ त्यातला ओळखीचा. एक होज वाचतो, प्रवासात सुटसुटीत. पण यात आपला मुख्य रेग्युलेटर बडीला देऊन आपण आखूड इन्फ्लेटरवर श्वास घ्यायचा असतो, आणि वर येताना त्याच इन्फ्लेटरने जॅकेटमधली हवाही सोडायची असते. सराव असेल त्यानेच या वाटेला जावं.

पायरी ३: होज आणि जागा

मुख्य होज साधारण ७० ते ७५ सेंटीमीटरचा असतो, ऑक्टोपसचा ९० ते १००. आखूड घेऊ नका; घाबरलेला माणूस ओढणारच, आणि दोघांत जरा अंतर राहिलेलं बरं. लटकवायची जागा हनुवटी आणि बरगड्यांच्या खालच्या कडेच्या मधल्या त्रिकोणात. होल्डर असा हवा की एका हिसक्यात सुटेल, पण आपोआप गळून पडणार नाही. वाळूवर फरफटत जाणारा ऑक्टोपस मी बोटीवरून उतरलेल्या कितीतरी लोकांच्या अंगावर पाहिलाय; त्यातली वाळू बडीच्या घशात जाणार.

पायरी ४: दुकानात किंवा सेंटरवर तपासा

सिलिंडर न जोडता, फर्स्ट स्टेजवर टोपी बसवून, माउथपीसमधून हवा ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा), झडप किंवा जोड कुठेतरी गळतोय.

मग सिलिंडर जोडा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि गेजकडे बघत भराभर श्वास घ्या. दर श्वासाला काटा लचकत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय. आता मित्राला मुख्य रेग्युलेटर देऊन दोघं एकदम जोरात ओढा. ऑक्टोपस थोडा जड लागेल. उगाच हवा सुटू नये म्हणून तो मुद्दाम तसा लावतात. पण छाती भरून ओढावं लागत असेल तर नाही म्हणा.

शेवटी बादलीत, माउथपीस वर करून बुडवा. भसाभसा हवा सुटली तर माउथपीस खाली वळवा, थांबायला हवी. ज्यावर 'प्री-डाइव्ह' आणि 'डाइव्ह' असा खटका असतो त्यात हा त्रास आवरता येतो. मी खटकेवालाच घेईन.

पायरी ५: हवेचा हिशोब

ऑक्टोपस हवा तयार करत नाही. समजा १५ मीटरवर तुमच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरलेत, म्हणजे ५५० लिटर. तिथे दाब २.५ बार. घाबरलेली दोन माणसं, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर पकडा: ३० × २ × २.५, म्हणजे मिनिटाला १५० लिटर खर्च. सावरायला एक मिनिट गेलं, मिनिटाला ९ मीटरने वर आलात, ५ मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलात, तर बेरीज सहाशेच्या आसपास जाते. म्हणजे थांबा पूर्ण व्हायच्या आत हवा संपली. त्यामुळे किती बारला वर निघायचं, तो आकडा बडीलाही हिशोबात धरून ठरवा.

नवा ऑक्टोपस आणल्यावर पहिली डाइव्ह उथळ करा आणि बडीला डोळे मिटून तो शोधायला लावा.

डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवताना टोपी घट्ट असू द्या आणि पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. जून ते सप्टेंबर समुद्र बंदच असतो. सर्व्हिसिंग त्यातच उरकून घ्या, आणि ऑक्टोपसही सोबत द्या, कारण 'वापरलाच नाही' म्हणून नेमका तोच घरी राहतो. ऑक्टोबरात बोटीवर चढण्याआधी माउथपीसची पट्टी आवळलेली आहे का आणि रबर चिरलंय का, तेवढं बघा.