बसल्या जागेवरून शिडाला ताण: चारपट ओढीचा आउटहॉल

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ३० वर्षं लेथ चालवली. त्यामुळं होडी बांधायला घेतली तेव्हा लाकडापेक्षा ॲल्युमिनियमच्या बूमशीच (शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी) माझं आधी जमलं. १२ फुटी प्लायवूडची होडी आहे, हिडकल धरणाच्या पाण्यावर चालवतो.

शिडाचा मागचा खालचा कोपरा म्हणजे क्लू. तो बूमच्या टोकाकडे ओढून धरणारी दोरी म्हणजे आउटहॉल. पहिल्या वर्षी मी टोकाला एक गाठ मारून मोकळा झालो. दुपारी पश्चिमेचा वारा वाढला की शीड पुरीसारखं टम्म, होडी पुढं जायची सोडून कलंडायला बघायची. गाठ सोडायची तर बूमच्या टोकापर्यंत लोंबकळायचं. एकदा पडलो पण.

आधी दोरीचं बघा. बाजारातली नायलॉनची दोरी स्वस्त पडते, तिनं म्हैस बांधा. नायलॉन ताणतं. झोत आला की दोरी लांबते, आणि नेमकं शीड सपाट पाहिजे तेव्हाच ते फुगतं. डायनीमाची, म्हणजे जवळपास न ताणणाऱ्या धाग्याची, ३ मिमी मागवून घ्या. हातात येणारा तुकडा तेवढा ५ मिमी पॉलिएस्टरचा ठेवा, बारीक दोरी बोटं कापते.

क्लू आधी बूमला जखडा. डायनीमाचा एक फास क्लूच्या कडीतून आणि बूमभोवती घ्या, पुढं-मागं सरकेल इतपतच सैल. हा नसला तर क्लू वर उचलला जातो आणि तुमची निम्मी ओढ त्याला खाली आणण्यातच जाते.

आता पहिली दोरी. बूमच्या टोकाला पक्की बांधा, पुढं आणून क्लूला बांधलेल्या कप्पीतून फिरवा, परत टोकाकडच्या कप्पीतून वळवून बूमच्या खालून डोलकाठीकडं आणा. तिच्या पुढच्या टोकाला एक कप्पी बांधा. झाली दुप्पट ओढ. दुसरी, जाड दोरी बूमला पुढच्या बाजूला बांधा, मागं नेऊन त्या कप्पीतून फिरवा आणि परत पुढं क्लॅम क्लीटमध्ये (दोरी पकडून धरणाऱ्या दातेरी खाचेत) आणा. दुपटीची दुप्पट, म्हणजे चारपट. घर्षण थोडं खातं, ते चालतंच.

माझी चूक झाली ती लांबीत. क्लू १५ सेंमी सरकवायचा तर मधली कप्पी ३० सेंमी पुढं येते आणि हातातली दोरी ६० सेंमी ओढावी लागते. मी पहिली दोरी ऐसपैस ठेवली. शीड अजून ढिलंच, आणि कप्पी क्लीटला येऊन टेकली. ओढा किती ओढायचं ते! म्हणून शीड पूर्ण ढिलं सोडून मापा: कप्पी आणि तिच्या पुढचं जे काही असेल ते, यांच्यात ४० सेंमी तरी मोकळी जागा पाहिजे. मगच दोरी कापा.

क्लीट आपण बसतो तिथून हात पोचेल अशी बसवा, दोरीच्या जाडीला जुळणारी. रिव्हेट ४.८ मिमीची, भोक ४.९ चं. पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, गोल पाइपवर ते घसरतंच. स्टीलची पट्टी थेट ॲल्युमिनियमवर बसवली तर तिथं ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं, मधे प्लास्टिकचा पातळ तुकडा घाला. धरणाच्या गोड्या पाण्यात ते हळू होतं, गोव्याच्या समुद्रात नाही. दोरीच्या शेवटी आठाची गाठ.

वाऱ्याच्या अंगावर जाताना वारा जोराचा असेल तर घट्ट ओढा, शिडाची खालची कड बूमच्या जवळपास लागू दे. मध्यम वाऱ्यात मधोमध वीतभराच्या आत फट. वारा पाठीमागून असेल तर अजून सैल सोडा. अगदी पडलेल्या वाऱ्यात मात्र फार पोट ठेवू नका, मंद हवा तेवढं वळण घेत नाही. क्लू कुठं आला की काय होतं ते बूमवर मार्करनं तीन रेघा मारून ठेवा.

माझ्याबरोबर येणारं पोरगं कन्नडच बोलतं. त्यामुळं आमच्या होडीवर ओढायचं ते ‘एळि’ आणि सोडायचं ते ‘बिडु’. वैशाखात वळिवाचे ढग दिसले की मी अजून आउटहॉल आवळतच असतो, आणि ते शिडाकडं बोट दाखवून म्हणतं, ‘‘साकु मामा.’’ म्हणजे पुरे. मग शीड उतरवून काठावर.