प्रेपची गोळी गणेश चवथीतही चुकू नये म्हणून

एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी म्हणजे प्रेप. ती सुरू करणं कठीण नाही. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जिल्हा इस्पितळातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची मोफत तपासणी होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिपॅटायटिस बी तपासून डॉक्टर चिठ्ठी देतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फुकट विचारा. गावच्या फार्मसीत ओळखीचे डोळे नको असतील तर शेजारच्या शहरातून घ्या. सुरुवातीला मळमळलं तर जेवून घ्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं.

‘पार्टीआधी एक गोळी टाक’ हा सल्ला कानाआड करा. रोज घेतली तरी गुदसंभोगात पूर्ण संरक्षण मिळायला ७ दिवस लागतात, योनीसंभोगात सुमारे ३ आठवडे.

खरी परीक्षा चवथीत. पणजीतल्या खोलीवर सगळं सुरळीत चालतं; गावच्या घरी गेलं की एका खोलीत पाच चुलतभाऊ. मोबाइलवर गजर लावा म्हणणाऱ्यांनी असं घर पाहिलेलं नसावं. गजर वाजला की काकी विचारणारच, ‘कसला रे?’ मलाही हेच दिवस सर्वांत जड गेले. माझं ठाम मत: गोळी दात घासण्याला जोडा, जेवणाला नको. आरती लांबली की जेवण लांबतं. तोंड मात्र प्रत्येक जण धुतो. उपास असला तरी ती पाण्याबरोबर चालते. आणि गोळ्या मूळ डबीतच ठेवा. आत ओलावा शोषणारी पुडी असते. आपल्या पावसाळ्यात ती फेकणं हा शुद्ध वेडेपणा. डबी कपड्यांच्या पिशवीत तळाशी, न्हाणीघरात नाही.

एक दिवस राहिलाच तर आठवल्याबरोबर घ्या, पण दोन एकदम नकोत. बरेच दिवस खंड पडला तर स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका. मध्ये लागण झाली असेल तर गोळीतली दोनच औषधं विषाणूला आवरायला पुरत नाहीत, उलट तो त्यांना दाद देईनासा होतो. आधी तपासणी, मग गोळी. खंडात धोक्याचा संबंध आला असेल तर तासांचा हिशेब करा: ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, इस्पितळात जाऊन पेप (संबंध झाल्यानंतर लागण रोखायला घ्यायचं औषध) मागा, ते २८ दिवस घ्यावं लागतं. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रेप थांबवूच नये.

दहा गोळ्या उरल्या की पुढची डबी आणा, चवथीच्या बंद दुकानांवर विसंबू नका. सिफिलिस, गनोरिया ही गोळी रोखत नाही, तेव्हा कंडोम हवाच. दर तीन महिन्यांच्या एचआयव्ही तपासणीत त्यांचीही चाचणी मागून घ्या.