किनाऱ्यावर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जाऊन "काहीच दिसलं नाही" म्हणत परतणारे बहुतेक जण चुकीच्या वेळी गेलेले असतात. पहाटे उठलं की पक्षी दिसतात, हा रानातला नियम. चिखल्या (प्लोव्हर), तुतवार (सँडपायपर) हे किनाऱ्यावर चरणारे पक्षी चालतात भरती-ओहोटीवर. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पाण्याच्या कडेला पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच. भरतीच्या दोनेक तास आधी वाळूवर बैठक मारा. चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं.

थव्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नका. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून टिपणं थांबवलं की तुम्ही जास्तच जवळ आलात. तिथेच खाली बसा. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीशी असतं, त्यामुळे फोटोसाठी पळापळ करायची गरजच पडत नाही. संध्याकाळी मात्र नुसत्या सावल्या मिळतात.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर बसलेला थवा मुद्दाम उडवणं. चरायची जागा पाण्याखाली गेलेली असते, म्हणून ते विसावलेले असतात. लेसर सँड प्लोव्हर हा चिखल्या उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे वीण करायला जातो. एप्रिलच्या सुमारास त्याला अंगात चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाणात ती जळते. एका रीलसाठी हे करणाऱ्यांना पक्षीप्रेमी म्हणवत नाही. कुत्रा सोबत असेल तर पट्टा सोडू नका.

एका पायावर उभा दिसला म्हणून पक्षी जखमी समजून पकडायला धावू नका. दुसरा पाय पिसांत घेऊन तो ऊब राखतो.

हिवाळ्यात सगळेच मातकट दिसतात, म्हणून रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. आधी चाल बघा. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, डोळ्यांनी हेरून टिपतो. तुतवारांच्या कुळातले बरेच पक्षी चोच वाळूत खुपसून भक्ष्य चाचपतात. सँडरलिंग तर परतणाऱ्या लाटेमागे धावतो आणि पुढची आली की उलटा पळतो. मग मानेचा मागचा भाग बघा: पांढरी पट्टी असेल तर केंटिश प्लोव्हर, नसेल तर बहुधा लेसर सँड प्लोव्हर.