लॉजिक अ‍ॅनालायझरच्या फर्मवेअरमधून आउटपुट पिन चालवताना या चुका टाळा

आठ चॅनेलचे स्वस्त यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर (डिजिटल सिग्नल टिपून संगणकावर दाखवणारी उपकरणं) बहुतेक सायप्रसच्या एफएक्स२एलपी चिपवर चालतात. सिगरॉक या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) खुलं आहे, त्यामुळे चार ओळी घालून एखादी रीसेट लाइन हलवावी असं वाटणं साहजिक आहे. कोड बरोबर दिसतो आणि पिन मात्र ढिम्म! अशा वेळी आधी पाहा, की ती पिन सध्या आहे कोणाच्या ताब्यात.

कॅप्चरसाठी जीपीआयएफ मोड (यात चिपचं हार्डवेअर स्वतःच डेटा वाचतं) लावला की पोर्ट बी, म्हणजे आठ पिनांचा एक गट, डेटा बस होतो. मग आयओबीत (पोर्ट बीच्या किमतीचं रजिस्टर) काहीही लिहा, बाहेर दिसणार नाही. पोर्ट डी आठ चॅनेलमध्ये मोकळा वाटतो, पण खरी फसगत तिथेच होते. चारही एंडपॉइंटच्या (यूएसबीवरून डेटा नेणाऱ्या वाटा; इथे २, ४, ६, ८) फिफो कॉन्फिग रजिस्टरमधला वर्डवाइड बिट (बस सोळा बिटांची करणारा) रीसेटनंतर १ असतो. त्यातला एक जरी १ राहिला, तरी पोर्ट डी बसचे वरचे आठ बिट बनतो. बहुतेक जण वापरातल्या एंडपॉइंट २ चाच बिट शून्य करतात आणि ४, ६, ८ तसेच राहतात. चारही शून्य करा, प्रत्येक वेळी लिहिल्यावर सिंकडिले (कोडमधला छोटा विराम) द्या.

पोर्ट बीला आउटपुट करायचा मोह तर टाळाच. अनेक क्लोन बोर्डांवर प्रोब आणि चिपच्या मध्ये २४५ जातीचा बफर (सिग्नल पुढे ढकलणारी वेगळी चिप) असतो, त्याची दिशा चिपकडे. दोघेही एकाच तारेवर जोर लावू लागले, तर चिप किंवा बफर जळू शकतो. मल्टिमीटरने बोर्डावरचे ट्रेस (तांब्याच्या रेषा) तपासा, मगच कोड लिहा.

पोर्ट ए सोयीचा, पण त्याच्या पीए१ या पिनवर एलईडी आहे. ओईए (पोर्ट एच्या कोणत्या पिना आउटपुट हे ठरवणारं रजिस्टर) थेट नव्या किमतीने भरला तर पीए१ इनपुट होते आणि एलईडी विझतो. म्हणून फक्त आपला बिट ऑर करा, म्हणजे बाकीचे बिट तसेच राहतील. आधी आयओएत (पोर्ट एच्या किमतीचं रजिस्टर) किंमत, नंतर ओईए. उलट केलंत तर क्षणभर चुकीची पातळी बाहेर पडते, आणि रीसेट लाइनला तेवढा क्षण पुरतो.

पिनचं आउटपुट ३.३ व्होल्टचं, करंट ४ मिलिअँपिअर. रिले थेट जोडू नका, मध्ये ट्रान्झिस्टर घाला.

बदल करूनही जुनंच वागणं दिसतंय? फर्मवेअर रॅममध्ये असतं, आणि ते आधीच चालू असेल तर सिगरॉक पुन्हा चढवत नाही. केबल काढून परत लावा. ते चढेपर्यंत सगळ्या पिना इनपुट असतात, म्हणून महत्त्वाच्या लाइनला १० किलोओहमचा पुल-अप किंवा पुल-डाउन बाहेरून द्या.