ऑटिस्टिक मुलांना मित्र मिळावेत म्हणून धडपडताय? मग या चुका टाळा

गणपतीत आमच्या वाडीत आरत्या घरोघरी फिरतात, एका घरची झाली की सगळा घोळका पुढच्या घरी. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, ऑटिस्टिक, आणि मला वाटायचं की एवढी पोरं एकत्र असतात तर ह्यात घातला की मिसळेल आपोआप. माजघरात तीसचाळीस माणसं, टाळ, झांजा, ढोलकी, आणि मी मागून त्याला पुढे ढकलतेय. तिसऱ्या घरी तो दोन्ही कान दाबून खालीच बसला आणि मी लोक काय म्हणतील ह्या भीतीने त्यालाच दटावलं. ते अजून मला टोचतं.

गर्दीत सोडलं की मैत्री होते, ही आपली सगळ्यात पहिली चूक. आपण आवाजातला नको तो भाग आपोआप मागे टाकतो, बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना ते जमत नाही, झांज आणि कुजबुज आणि पंख्याची घरघर सगळं एकाच जोराने अंगावर येतं. त्यात ते काय मित्र करणार! पुढच्या वर्षी आम्ही उलटं केलं. आरती होईपर्यंत तो अंगणात थांबायचा, कानाला इयरमफ, आणि आरती संपली की खिरापत वाटायचं काम त्याचं. हातात काम होतं, काय बोलायचं ते ठरलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक पोराशी त्याचा एक एक शब्द तरी झाला.

दुसरी चूक मी वर्षानुवर्षं केली. "डोळ्यात बघून बोल", "हात हलवू नको", "नीट हस". ह्याला कॉन्फिडन्स वाढवणं म्हणतात असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पोरगं दिवसभर दुसऱ्याची अॅक्टिंग करून दमतं, ह्यालाच मास्किंग म्हणतात, आणि आपण आहोत तसे कोणाला चालत नाही हेच त्याच्या मनात पक्कं होतं. डेमियन मिल्टन नावाचे संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, त्यांना आपण कळत नाही तसेच आपल्यालाही ते कळत नाहीत. मग २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा, एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असले तर गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी बाकीच्यांची आपापसांत पोचते, आणि जिथे दोन्ही मिसळले तिथे जास्त गळती झाली. म्हणूनच ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो "स्वमग्न" हा शब्द मला फारसा पटत नाही, स्वतःत मग्न कुठे असतात ही मुलं!

हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम स्पष्ट नाव घेऊन आहे, त्याच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते तेव्हा पुढे एक ताई होत्या, त्यांचाही मुलगा तसाच, त्यालाही रेल्वेचं वेड. नंबर घेतला आणि एका रविवारी दोघांना रत्नागिरी स्टेशनवर नेलं. दोघं बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा, दोघांची नजर रुळांवर. हा म्हणाला, "१०१०३ मांडवी." तो म्हणाला, "११००३ तुतारी." मग पाच मिनिटं काहीच नाही. मला इतकं वाटत होतं की म्हणावं, अरे त्याच्याकडे बघ तरी, पण त्या ताईंनी माझा हात धरून ठेवला. तेवढ्यात लादलेल्या ट्रकांची रो-रो गाडी आली, दोघं एकदम उभे राहिले आणि ट्रक मोजायला लागले, एकाचा आकडा चुकला की दुसरा सुधारायचा. नंतर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा पूल ६४ मीटर उंच, अशा गजाली तासभर. घरी येताना माझा मुलगा म्हणाला, "पुढच्या रविवारी परत." तेरा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि कृपा करून शेजारच्या पोराला "खेळ हां त्याच्याशी, बिचारा आहे" असं सांगू नका. पोरांना दया कळते. आवड जुळणारा एक शोधा, वय दोनचार वर्षं मागेपुढे असलं तरी चालतं.

आता अडचणी. जायलाच तयार होत नाही, तर जागेचा फोटो आधी दाखवा, कोण येणार, किती वाजता संपणार ते सांगा आणि संपण्याची वेळ खरंच पाळा, पोरं रमली म्हणून आपण अर्धा तास वाढवतो आणि तिथेच बिघडतं. कोपऱ्यात बसून नुसतं बघतं, तर बसू दे, बघणं हाही सहभाग आहे. घरी आल्यावर गप्प होऊन पडून राहतं, तर राग आलाय असं नाही, दमलंय, लगेच "काय बोललात रे?" सुरू करू नका.

मोबाइलवरचे मित्र खरे नाहीत असं मीही म्हणायचे. ऑटक्राफ्ट म्हणून माइनक्राफ्ट गेमचा एक सर्व्हर आहे, कॅनडातल्या एका ऑटिस्टिक बापाने २०१३ मध्ये सुरू केला, कारण बाकी सर्व्हरवर अशा मुलांना फार छळायचे. टाइप करून बोलायला वेळ मिळतो, चेहरा वाचावा लागत नाही, काही मुलं तिथेच पहिल्यांदा मोकळी होतात. फक्त पैसे, ओटीपी, स्वतःचे फोटो कोणाला द्यायचे नाहीत हे मोघम न सांगता लिहून भिंतीवर लावा, कारण ही मुलं शब्दावर विश्वास ठेवतात आणि त्याचा गैरफायदा घेणारे असतातच.

रविवारच्या भेटीत पुढे चार मुलं झाली, पण हा ग्रुप जूनमध्ये जवळजवळ मोडला होता. रविवारी पाऊस धो धो, लाइट गेलेली, मी आयत्या वेळी फोन करून कॅन्सल केलं आणि घरोघरी रडारड. माझीच चूक, दुसरी सोय आधी सांगायला हवी होती. तोडगा मुलानेच काढला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं ना, मग आपलं पण करूया म्हणाला. आता आमच्या पडवीतल्या भिंतीवर त्याच्या अक्षरात कागद आहे, पावसाळ्यात भेट स्टेशनवर नाही, त्या ताईंच्या घरी, चार ते साडेपाच, लाइट गेली तर बॅटरी आणायची. खाली चार मुलांच्या सह्या.